कंटाळा कुटं आला?

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं, भांडायलाच आलेत. रविवारची सकाळ होती. मी पुढच्या खोलीत बसून व्हायोलिनवर एक भक्तिगीत बसवत होते. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि गॅदरिंग जवळ आलं होतं. तेवढ्यात कडी वाजली. दारात एक शिडशिडीत गृहस्थ उभे. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल, हातात सायकलचं कुलूप.

"वाजवणारं कोन हाय?"

"मी. का हो?"

"आत्ता दोन मिनिटाआदी तुमी एक चूक केला."

मी ओशाळले. बोट घसरलं होतं हे खरं होतं, पण ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं.

"ते चूक लई चांगला होता," ते म्हणाले. "बाकीचा गाणं राहू द्या. तेवढा चूक करून दाखवा."

मी करून बघितलं. जमेना. मुद्दाम चुकायला गेलं की बोट बरोबर जागेवरच पडायचं. ते अर्धा तास उंबऱ्यावर बसले. मधूनमधून "न्हाय, ह्यो न्हाय" म्हणत राहिले. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, आतून हसत बाहेर आले, त्यांनी चहा पाजला. शेवटी पाहुणे उठले आणि एखादा माणूस गेल्यासारखं म्हणाले, "गेला. आता परत यायचा न्हाय." कुलूप घेऊन निघून गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा हजर. खिशातून चौकटीचा कागद काढला. त्यावर लाल पेन्सिलीनं काही घरं भरलेली होती. म्हणाले, "टीचर, तुमचा चूक मी लक्षात ठेवून काढलाय. हे असा असा वर गेला, हितं अडकला, आन् खाली पडला." मी कागद बघत व्हायोलिन उचलली. लाल घरं वर गेली तसं बोट वर नेलं, अडकली तिथं थांबले. ती चूक पुन्हा जशीच्या तशी खोलीत ऐकू आली आणि आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तरी कुणी ओळखणार नाही, कारण सगळं गाव त्यांना डिझायनर म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा दुसऱ्याशी बोलताना "डिझायनर जेवायलेत" असंच सांगायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते नक्ष्या काढायचे. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक घर म्हणजे एक धागा, भरलेलं घर म्हणजे धागा वर. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागावर चढतात, आणि खाली मोर नाहीतर कमळ विणून बाहेर येतं. डिझायनरांना सरगम लिहिता येत नव्हती. म्हणून ते संगीतही तसंच लिहायचे. आडवं एक घर म्हणजे एक मात्रा. व्हायोलिन लाल, क्लॅरिनेट निळी, गिटार हिरवी, ड्रम काळा. बारा बारा कागद डिंकानं चिकटवून लांबलचक पट्टी व्हायची. ती भिंतीवर टाचून आम्ही चौघं तिच्यासमोरून एकेक पाऊल सरकत वाजवायचो.

घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू, आणि मराठी त्यांनी स्वतःच्या नियमानं शिकलेली. त्यात सगळ्याच वस्तू पुरुष होत्या. चादर चांगला, भाकर कडक झाला, व्हायोलिन रडतो. पाचवीत शाळा सोडून ते मागावर लागले होते. रेडिओवर एकदा काटा फिरवताना त्यांना परदेशातलं कुठलंसं स्टेशन सापडलं. त्यावर चारपाच माणसं वाजवत होती आणि गात कुणीच नव्हतं. "मी वाट बघितला," ते सांगायचे, "आता गाणं म्हणेल, मग म्हणेल. म्हणलाच न्हाय. आन् मी शेवटपर्यंत उठलो न्हाय." त्या दिवसापासून त्यांना तसलं काहीतरी सोलापुरात करायचं होतं. त्याला ना ते जॅझ म्हणायचे ना रॉक. हे शब्द मी फार पुढं शिकले. ते म्हणायचे, "वाजवणं."

गिटार त्यांनी स्वतः बनवली होती. सागवानी फळी सुतारानं कापून दिली, आणि तिच्यावरच्या लोहचुंबकाला तांब्याची तार मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्यानं गुंडाळून दिली. आवाज लग्नाच्या मांडवातल्या जुन्या भोंग्यातून यायचा, त्यामुळं सुरुवातीला प्रत्येक सुराला "हॅलो हॅलो"ची घरघर असायची. क्लॅरिनेट वाजवायला बाबूचाचा. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढलेली, वरचे तीन दात गेलेले. ड्रमला प्रकाश. तो एका सरकारी कचेरीत शिपाई होता, आणि जयंतीच्या मिरवणुकीत त्याचा ताशा सुरू झाला की दुसऱ्या वस्तीची पोरंसुद्धा मागं लागायची. आणि व्हायोलिनला मी.

मी गेले ती आप्पांमुळं. आप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या तरुणपणी तिथल्या क्लबात चार साहेब गोल बसून, समोर कागद ठेवून, नुसतं वाजवायचे. एक दुसऱ्याला विचारल्यासारखं वाजवायचा आणि दुसरा उत्तर दिल्यासारखं. देश सोडून जाताना त्यांतल्या एकानं आपली व्हायोलिन आप्पांना दिली होती. हे ऐकल्यावर डिझायनर आप्पांच्या जवळ सरकून बसले. "चौघं? गोल बसून? आन् ऐकायला कोन?" आप्पा म्हणाले, "कुणी नाही. ते एकमेकांचंच ऐकायचे." डिझायनर माझ्याकडं वळून म्हणाले, "टीचर, आपन गोल बसू."

कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला माग बंद असायचे. तेव्हा शेडमध्ये आमची तालीम. बाजूला डिझायनरांच्या बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. तालीम चालू असताना डिझायनरांना भूक लागायची. मग ते शेंगाचटणी लावून कडक भाकरी खायचे, आणि तिचा कडाकडा आवाज होत असताना आम्ही श्वास जोरात सोडला तरी त्यांना चालायचं नाही. "आवाज नको," म्हणायचे, तोंडात भाकरी. एकदा प्रकाशनं सरळ विचारलं, "मग तुमचं काय चाललंय?" ते म्हणाले, "मी लिहिलेला हाय," आणि खरंच पट्टीवर त्या जागी पिवळ्या पेन्सिलीनं एक घर भरून दाखवलं.

त्यांच्या रचनांना नावं नसायची. नक्षीला असतो तसा नंबर. एक ते सहा त्यांनी स्वतःच रद्द केले. सातव्यावर आमचं वर्ष गेलं. खाली गिटारचा सात मात्रांचा एकच तुकडा फिरत राहायचा. त्यावर चाचांची क्लॅरिनेट लग्नातल्यासारखी नाचत यायची आणि अचानक भलतीकडंच वळायची. ड्रम मागून चढत चढत यायचा. मग सगळं एकदम थांबायचं आणि व्हायोलिन एकटी. खूप वेळ एकटी. ती पार खाली उतरली की पुन्हा चौघं एकदम. चाचा तालमीनंतर दात चाचपत म्हणायचे, "क्या बनाए हो डिझायनर! नवरदेव घोड़ेपर से उतर के भाग जाएगा." पण पुढच्या सुट्टीला सगळ्यांत आधी तेच आलेले असायचे.

नंबर सात पुरा झाला तेव्हा कारखानदारांनी गल्लीतल्या गणपतीत एका संध्याकाळी आमचा कार्यक्रम ठेवला. डिझायनरांच्या नक्ष्या खपायच्या, म्हणून कारखानदारांचा त्यांच्यावर जीव होता. मंडळाच्या पोरांनी फळ्यावर लिहिलं, "भव्य ऑर्केस्ट्रा." सोलापुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी आणि मधेमधे नकला. डिझायनरांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "चार जनाचा वाजवणं."

"गाणं कोन म्हणनार?" मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं.

"कोनी न्हाय."

"मग लोक ऐकनार काय?"

"वाजवणं."

अध्यक्षानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

ताडपत्रीवर तीनशे तरी माणसं असतील. मागावरचे कामगार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, विड्यावाल्या, पोरंबाळं. पुढं खुर्च्यांवर कारखानदार, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आप्पा, आणि दोन अनोळखी पाहुणे. आम्ही गोल बसलो. तिथंच पहिली चूक झाली. गोल बसल्यावर दोघांची पाठ लोकांकडं होते. गिटार सुरू झाली तेव्हा लोक शांत होते. चाचा आले तेव्हा कुणीतरी शिट्टीही मारली. मग ड्रम चढला, थांबला, आणि मी एकटी उरले.

पहिलं मिनिट बरं गेलं. मग मागून आवाज आला, "अय बाई, झालं का सूर लावून?" हशा पिकला. माणसं उठायला लागली. एकजण उठला की ताडपत्रीचा आवाज होतो, मग दुसरा, तिसरा. पोरं "गाणं! गाणं!" ओरडायला लागली. खुर्च्यांवरचे ते दोन पाहुणे तर कधीच गेले होते. पडद्यावर टाचलेली पट्टी मला दिसेना. आणि माझं बोट एका सिनेमाच्या गाण्यावर गेलं. त्या वर्षी ते गाणं प्रत्येक हॉटेलात वाजत होतं. मी पहिली ओळ वाजवली. दुसऱ्या ओळीला चाचांनी ते उचललं, त्यांच्या तीस वर्षांच्या सवयीनं. प्रकाशनं ठेका बदलला. उठलेली माणसं जागेवर बसली, आणि तीनशे माणसांची टाळी त्या गाण्याला लागली.

डिझायनरांनी गिटार थांबवली. भोंग्याची वायर काढली, कोपराभोवती नीट गुंडाळली, मागच्या शिडीनं उतरले आणि समोर येऊन ताडपत्रीवर विड्यावाल्यांच्या मध्ये बसले. आम्ही पाच गाणी वाजवली. पाचही गाणी ते तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होते, माझ्याकडं नाही, लोकांच्या तोंडाकडं बघत. नारळ दिला गेला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माफी मागायला गेले. अक्का दारातच विड्या वळत होत्या. म्हणाल्या, "घरात न्हाईत. सकाळपासून गल्लीत फिरायलेत. कामावर पण गेले न्हाईत." शोधत गेले तर तिसऱ्या बोळात एका उंबऱ्यासमोर ते उकिडवे बसलेले. गुडघ्यावर नंबर सातची घडी घातलेली पट्टी, हातात पेन्सिल. समोर नरसव्वा. कांड्या भरून भरून तिची बोटं वाकडी झालेली, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"सांगा की," डिझायनर विचारत होते, "कंटाळा कुटं आला?"

"मला? सुरुवातीलाच."

"लगेच, का जरा थांबून?"

"त्यो ढमढम सुरू झाला तवा. दिवसभर माझ्या कानात मशीन असतंय. काम सुटून आले, तर हितं बी तेच मशीन? मानसानं संध्याकाळी तरी दुसरं ऐकू नये का?"

त्यांनी कागदावर फुली मारली. तिच्याकडं आदरानं बघितलं. "बरोबर हाय तुमचा. आनखी कुटं?"

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं आणि कागदावर पटकन हात ठेवला.

"काल मी जे केलं," मी सुरुवात केली.

"थांबा टीचर, हे सांगायलेत." नरसव्वाचं पुरं झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले. "तुमी काय वाईट केला न्हाय. लोक उठायला लागला, तुमी बसवला. मला ते जमला न्हाय. का जमला न्हाय, ते बगायलोय. चादर खपला न्हाय तर आमी दुकानात जाऊन विचारतो. किनार नको का? रंग नको का? गिऱ्हाइकाला शिव्या देऊन चादर खपत न्हाय."

ते शंभर तरी घरं हिंडले. कुणी हसले, कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडंही ते गेले. त्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "कोण ग ते? मला कार्यक्रमाबद्दल आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी खरं काय ते सांगून टाकलं." काय सांगितलं ते मात्र त्यांनी मला सांगितलं नाही.

आणि मग एका रविवारी ते आमच्याकडं आले. खूश होते. "टीचर, सगळा झाला. खुर्चीवरचे दोन पाव्हणे राहिले होते. त्यांचा पत्ता मंडळात मिळाला. काल टेंभुर्णीला जाऊन आलो. यष्टीनं."

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "टेंभुर्णीला कशाला गेलात तुम्ही?"

"विचारायला. सगळ्यात आदी तेच उठले होते." त्यांनी कागद उलगडला आणि त्यावर लिहिलेलं प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. "मी विचारला, कंटाळा कुटं आला? ते म्हणाले, कंटाळा न्हाय आला. मी म्हणालो, मग उठला का? ते म्हणाले, पोरगी बगायला आलो होतो. तीन गड्यांमदी बसून वाजवायलीय बगून उठलो." कागदाची घडी घालून ते म्हणाले, "म्हंजे ते आपल्या हिशेबात धरायचा न्हाय."

टेंभुर्णीचं स्थळ माझं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा नकार आला होता आणि आप्पांनी मला सांगितलं होतं, पत्रिका जुळत नाही.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मी आत गेले आणि व्हायोलिन पेटीत घालून कपाटावर टाकली. बाहेर डिझायनर विचारत होते, "काय झाला? माझा काय चुकला?" आप्पा म्हणाले, "तुमचं काही नाही. आज तुम्ही जा."

तीन आठवडे मी तालमीला गेले नाही. नकाराचं मला तितकं वाटलं नव्हतं. माणूसही मी पाहिला नव्हता. पण माझ्या मागं माझ्याबद्दल असं बोललं गेलं, आप्पांनी ते गिळलं, आणि एका वेड्या माणसानं ते चौकटीच्या कागदावर लिहून आणलं, याचा राग राग आला होता. राग तिघांवर होता आणि काढायला कुणीच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात अक्का आल्या. त्या कुणाच्या घरी जात नसत. बोटांना तंबाखूचा वास, पदर डोक्यावर. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना कळलंच नव्हतं बाई. मी सांगितलं, तुमी कुणाच्या लग्नाचं बोलून आलाव ते. मग कळलं. दोन दिवस झाले, भाकर पुढं ठेवली की उठायलेत. बाहेर सायकल धरून उभे हायेत. आत येऊ का विचारायलेत."

ते आले. कानांवर पेन्सिली नव्हत्या, त्यामुळं आधी ओळखूच आले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "टीचर, मी परत टेंभुर्णीला जातो. त्यांना सांगतो की तुमी सिनेमाचा गाणं रोज वाजवत न्हाय, तुमी नंबर सात वाजवता..."

"नको!" मी आणि आप्पा एकाच वेळी ओरडलो. अक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मलाही हसू आलं. आणि हसता हसता, इतक्या दिवसांचं अडकलेलं रडू आलं.

ते गेल्यावर आप्पा माझ्यापाशी बसले. म्हणाले, "मी खोटं सांगितलं. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. पण तसं नाही. मलाच भीती वाटली. त्या साहेबानं व्हायोलिन दिली तेव्हा तुझ्या आजोबांच्या धाकानं मी ती दोन वर्षं ट्रंकेतून काढली नव्हती. हात बसायचे दिवस होते, ते गेले." मग म्हणाले, "मी तुला जा म्हणणार नाही. जाऊ नको असंही म्हणणार नाही." पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी कपाटावरची पेटी स्वतःच काढली, सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधली आणि घंटी वाजवत दारात उभे राहिले.

शेडमध्ये गेले तर नंबर सातची पट्टी भिंतीवर होती. पूर्वी ती फुल्या दिसू नयेत म्हणून ते लपवत होते, आता लपवायचं विसरले होते. मी जवळ जाऊन बघितलं. ढमढमच्या जागी पंधरावीस फुल्या. बाकी सगळ्या, शंभराच्या वर, एकाच ठिकाणी. एकटी व्हायोलिन वाजते तिथं. लाल घरं फुल्यांखाली दिसत नव्हती.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी म्हणाले.

ते पट्टीचा सुटलेला कोपरा टाचायला लागले.

"काढून टाका ती जागा. लोकांनी सांगितलंय. तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता ना?"

"ड्रमचा काढला," ते म्हणाले. "नरसव्वाचा बरोबर होता. पर हे काढला तर बाकीचा सगळा सुटतो टीचर. धागा हितं बांधलाय." मग फार कष्टानं, शब्द शोधत म्हणाले, "लोक तितं उठला, कारन तुमी तितं घाबरला. तुमाला वाटला की लोक जातील. मला पन तसाच वाटला. आपन चौघांनी मनात आदी लोकांना उठवला, मग ते उठला."

बाबूचाचा कोपऱ्यातून म्हणाले, "हौ. घबराए सो मैं भी था."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. आमचं वाजवणं चार वर्षं चाललं. नंबर अकरापर्यंत गेलो. कार्यक्रम झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एकदा पंढरपूरच्या एका कॉलेजात आम्हांला मधेच थांबवून आभारप्रदर्शन उरकलं. चाचांचे उरलेले दात गेले, आणि दाताशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. प्रकाशला बढती मिळून पुण्याला जावं लागलं. माझं लग्न झालं, सोलापुरातच, एका अशा माणसाशी ज्याला संगीतातलं काही कळत नाही आणि जो ते मोकळेपणी सांगतो. डिझायनर अक्कांना घेऊन भिवंडीला पुतण्याकडं गेले. तिथं त्यांना नक्षीचं काम मिळालं. काही वर्षं पत्रं यायची, मजकूर पुतण्याच्या मुलीनं लिहिलेला. मग एक पत्र आलं की डिझायनर गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी ते पत्र शाळेत वाचलं आणि पुढचा तास नेहमीसारखा घेतला. घरी आल्यावर मात्र स्वयंपाक केला नाही.

पण त्यांची आठवण येते तेव्हा भिवंडी डोळ्यांपुढं येत नाही. शेडमधली ती दुपार येते.

स्टेज नको, असं त्यांनी ठरवलं होतं. कारखान्यातच वाजवायचं. ज्यांच्या ज्यांच्या घरी जाऊन विचारलं होतं, त्यांना पुन्हा घरी जाऊन आमंत्रण. चाळीसेक माणसं आली. मागांच्या मधल्या जागेत चटया, सुताच्या गोण्या. विड्यावाल्या बायका सुपं घेऊनच आल्या होत्या, कारण रोजच्या विड्या पुऱ्या करायच्याच होत्या. कारखानदारांना एक खुर्ची. आप्पा दाराशी उभे. पत्रा तापलेला. डिझायनरांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, "कंटाळा आला तर खुशाल उठायचा. फकस्त जाताना मला सांगून जायचा."

या वेळी आम्ही गोल बसलो नाही. लोकच आमच्याभोवती गोल बसले. गिटार सुरू झाली. चाचा आले. ड्रम आता हलका होता, नुसत्या बोटांचा. मग सगळं थांबलं आणि मी एकटी उरले.

डिझायनरांनी गिटार खाली ठेवली आणि उठून लोकांत जाऊन बसले, नरसव्वाच्या शेजारी. मला वाटलं, गेलं. पुन्हा तेच. पण ते मांडी घालून माझ्याकडं बघत बसले. मी डोळे मिटले नाहीत. वाजवत राहिले. विड्यांची पानं कापणाऱ्या कात्र्यांचा आवाज येत होता, कचकच, कचकच. एक कात्री थांबली. थोड्या वेळानं दुसरी. मग फक्त माझ्या व्हायोलिनचा गज आणि तापलेल्या पत्र्याचा अधूनमधून एखादा टणत्कार. शेवटच्या सुरावर मी किती वेळ होते ते मला सांगता येणार नाही. डिझायनर उठून परत गिटारीपाशी आले आणि ते तिघं एकदम वाजवायला लागले तेव्हा दचकायला झालं, झोपेतून उठवल्यासारखं. चौघं मिळून वर गेलो, आणि नंबर सात संपला.

टाळी वाजली नाही. कुणाला कळलंच नाही की संपलं. कारखानदार इकडंतिकडं बघत होते. चाचा क्लॅरिनेट मांडीवर ठेवून थुंकी पुसत होते. दाराशी आप्पा आता खाली बसलेले होते.

नरसव्वानं विचारलं, "संपलं?"

"व्हय," डिझायनर म्हणाले. "संपला."

"मग आता?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. प्रत्येक धाग्याचा विचार करून ठेवणारा माणूस, पण याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. "ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "मी हितपर्यंतच लिहिला होता."

नरसव्वानं पुढ्यातलं शेजारणीचं सूप बाजूला सारलं, पाय लांब केले आणि मागाला पाठ टेकली.

"मग बसू की जरा," ती म्हणाली.